मित्राला गाडी दिली, आता पैशाचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराई असते, जोडून सुट्ट्या येतात, नाहीतर घरातल्या कुणाला तरी मोठ्या दवाखान्यात न्यायचं असतं, आणि फोन येतो, "अरे, शनिवार-रविवार तुझी गाडी मिळेल का?" मित्र जिवलग, त्यामुळे हो म्हणायला क्षण लागत नाही. पैशाचा विषय मात्र दोघंही टाळतात, आणि महिनाभराने भलत्याच गोष्टीवरून कुरबूर सुरू होते. ती टाळता येते, म्हणून हे प्रश्न एकत्र केले आहेत. उदाहरणं पुणे-कोल्हापूर बाजूची आणि पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीची आहेत.

इतक्या जवळच्या मित्राकडून पैसे घेणं बरं दिसतं का?

दिसतं. तेल, टोल, पार्किंग, दंड हे खर्च त्याच्या प्रवासाचे आहेत. तो एसटीने किंवा भाड्याची गाडी करून गेला असता तरी त्याच्या खिशातून पैसे गेलेच असते. तुम्ही मैत्रीखातर देता ते वेगळंच आहे आणि खूप मोठं आहे. हप्ते फेडून घेतलेली, दसऱ्याला हार घालून पूजलेली वस्तू तुम्ही दोन दिवस दुसऱ्याच्या हातात देता, तिची झीज सोसता, विम्याची जोखीम घेता. एवढं दिल्यावर वर तेलाचे पैसेही सोडायचे, हे कुणी मागितलेलं नसतं. आपणच भिडेपोटी सोडतो आणि मनात धरून बसतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते अशा ठिकाणी अगदी खरं ठरतं.

बोलायचं कधी, तर हो म्हणतानाच. किल्ली हातात देताना बोललात तर अट घातल्यासारखं वाटतं, आणि परत आल्यावर बोललात तर बिल फाडल्यासारखं. फोनवरच सांगून टाका, "घेऊन जा की. तेल-टोल तुझं, चलान आलं तर तुला पाठवतो, आणि कुठे घासलं-लागलं तर लगेच फोन कर, बसून बघू." याने कुणी दुखावत नाही. उलट मागणाऱ्याच्या मनावरचं ओझं उतरतं, कारण "याला पैसे विचारू की नको" या विचारात तोही अडकलेला असतो.

तेलाचं नक्की काय ठरवायचं?

टाकी फुल करून द्या आणि फुल करूनच परत घ्या. बाकी सगळ्या पद्धतींत घोळ होतो. "काटा होता तिथे आणून ठेव" हे ऐकायला सोपं आहे, पण काटा अर्ध्यावर दिसतो तेव्हा टाकीत किती लिटर आहे ते कंपनीलाच ठाऊक. फुल करताना दोन्ही वेळा नोझल आपोआप बंद पडेल तिथेच थांबायचं, पुढे "अजून पन्नासचं बसेल" करत भरायचं नाही.

फुल करून देणं जमलं नाही तर निघताना डॅशबोर्डचा एक फोटो काढा. त्यात काटाही येतो आणि किलोमीटरही.

गैरसमज कसा होतो ते आकड्यांत पाहा. पुणे-कोल्हापूर ये-जा आणि तिथलं थोडं फिरणं धरून ५०० किलोमीटर झाले. गाडी लिटरला १६ देते. म्हणजे ३१ लिटरपेक्षा थोडं जास्त लागलं. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर ३,२५० रुपये. मित्राने वाटेत एकदाच भरलं आणि तो मनापासून सांगतो, "दोन हजारांचं टाकलंय रे." दोन हजारांत १९ लिटर येतं. उरलेलं १२ लिटर, म्हणजे साडेबाराशे रुपये, तुमच्या टाकीतून गेले. त्याने फसवलं नाही, त्याने हिशोबच केला नाही. म्हणून मागणाऱ्यांना माझी विनंती आहे की अंदाजे रक्कम टाकू नका, किलोमीटर पाहून टाका.

सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडर आणि पेट्रोलची टाकी, दोन्हीकडे लक्ष द्या. सीएनजीच्या रांगेचा कंटाळा येतो, मग परतीचा अर्धा प्रवास पेट्रोलवर होतो आणि सांगताना फक्त गॅसच आठवतो.

गावातल्या गावात दहा-पंधरा किलोमीटर नेली असेल तर विषय सोडून द्या.

टोल माझ्या फास्टॅगमधून कापला जातो. तो कसा मागायचा?

मागायला लागू नये, ही खरी रीत. फास्टॅग गाडीच्या नंबराला जोडलेला असतो आणि पैसे तुमच्या खात्यातून जातात, त्यामुळे नाक्यावर मित्राला काहीच जाणवत नाही. तिथे त्याची खिडकीची काचही खाली होत नाही. तुमच्या मोबाइलवर मात्र एकामागून एक मेसेज येत राहतात: खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. परतीला पुन्हा तेच.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे मित्राने निघण्याआधीच तुमच्या फास्टॅगमध्ये रिचार्ज करणं. गाडीचा नंबर आणि बँक माहीत असेल तर कुठल्याही यूपीआय ॲपमधून ते होतं. पाचशे-हजार टाकले की दोघंही मोकळे. दुसरं म्हणजे शिल्लक संपली आणि टॅग बंद पडला तर नाक्यावर त्याची पंचाईत होते. नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरलं तर सव्वापट टोल लागतो. तुमची शिल्लक कमी होती म्हणून जादा पैसे गेले असतील तर तो फरक तुम्ही सोसायचा. गाडी देण्याआधी शिल्लक बघणं हे देणाऱ्याचं काम आहे.

मुंबईकडे जाणार असेल तर दोन आकडे सांगून ठेवा. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाचा मोटारीचा टोल एका बाजूने ३२० रुपये आहे. अटल सेतूवरून गेला तर एका बाजूचे २५० वेगळे. वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसर इथला मुंबईत शिरतानाचा टोल मात्र ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना माफ आहे.

माझ्याकडे फास्टॅगचा वार्षिक पास आहे. मित्राने तो वापरला तर पैसे घ्यायचे का?

हा नवा प्रश्न आहे, कारण पासच १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाला. सुरुवातीला ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. एक नाका ओलांडला की एक फेरी, म्हणजे फेरीला साधारण १५ रुपये पडतात. जाताना चार आणि येताना चार नाके झाले तर तुमच्या पासातल्या आठ फेऱ्या गेल्या, १२० रुपये.

माझं मत विचाराल तर हे १२० रुपये घेऊ नयेत. तुमचा पास वर्षअखेरीस तसाही शिल्लक राहणार असेल तर तुमचं काहीच गेलं नाही. पण तुम्ही रोज महामार्गावरून कामाला जात असाल आणि फेऱ्या मोजून वापरत असाल, तर मित्राला तसं सांगा आणि फेरीला १५ या दराने घ्या. नाक्याच्या पूर्ण दराने घेऊ नका, तो तुमचा खर्चच नाही. शिवाय हा पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. पुणे-मुंबई द्रुतगती किंवा समृद्धी महामार्ग राज्याचे आहेत, तिथे टोल नेहमीसारखाच कापला जातो.

झिजेपोटी किलोमीटरमागे काही घ्यावं का? किंवा दिवसाचे ठरावीक पैसे?

दिवसाचे ठरावीक पैसे अजिबात घेऊ नका. हे एकच उत्तर मी ठामपणे "नाही" असं देईन, आणि कारण शिष्टाचाराचं नाही. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात आणि भाड्याने देणं त्यात बसत नाही. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीला यूपीआयवर "गाडीभाडं २ दिवस" असं दिसलं, तर क्लेम नाकारायला आयतं कारण मिळालं. पांढऱ्या प्लेटची गाडी परवान्याशिवाय भाड्याने चालवली तर मोटार वाहन कायद्याखाली दंडही होतो. दोन हजार रुपयांसाठी एवढी जोखीम कशाला?

खर्च वाटून घेणं वेगळं. झीज किती होते याचा अंदाज हवा असेल तर चार टायर २२,००० चे आणि ४५,००० किलोमीटर चालले असं धरा. किलोमीटरला पन्नासेक पैसे. दर १०,००० किलोमीटरला ७,००० ची सर्व्हिसिंग धरली तर ७० पैसे. म्हणजे ५०० किलोमीटरच्या फेरीला सहाशे रुपयांच्या आसपास. वर्षातून एकदा नेणाऱ्या मित्राकडून हे सहाशे मागायचे नसतात. तो स्वतःहून गाडी धुऊन, आतून व्हॅक्यूम करून आणेल, तेवढं पुरे.

गाडीला डेंट पडला. कोणी भरायचं?

ज्याच्या हातात गाडी होती त्याने. चूक कुणाची हा प्रश्न त्यानंतर येतो. पार्किंगमध्ये उभ्या गाडीला कुणी तरी ठोकून गेलं, तरी तुमच्या दृष्टीने गाडी मित्राच्या ताब्यात होती. तुम्ही घरी होतात. ठोकणारा सापडला तर मित्राने त्याच्याकडून घ्यावेत, नाही सापडला तर स्वतः भरावेत. कडक वाटतं, पण मागणारा म्हणून मी स्वतःलाही हाच नियम लावतो.

त्यापुढचा प्रश्न महत्त्वाचा आहे: क्लेम करायचा की रोखीने काम करून घ्यायचं? "इन्शुरन्स आहे ना, मग काय टेन्शन" हे वाक्य मित्र दिलासा द्यायला म्हणतो, पण क्लेम फुकट नसतो. तीन ठिकाणी पैसे जातात.

पहिलं, सक्तीचा वाटा. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये आणि त्यावर २,००० रुपये मालकाला भरावेच लागतात. दुसरं, घसारा. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलेलं नसेल तर प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि बंपर प्लॅस्टिकचाच असतो. तिसरं कुणालाच लगेच दिसत नाही, ते म्हणजे नो क्लेम बोनस, क्लेम न केलेल्या वर्षांमुळे हप्त्यात मिळणारी सूट.

हा तिसरा हिशोब एकदा नीट मांडून बघा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता, बोनस वजा न करता, वर्षाला १०,००० आहे असं धरू. सध्या तुम्हाला ३५ टक्के सूट आहे. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ४५ आणि नंतर दरवर्षी ५० टक्के. क्लेम केला तर पुढच्या वर्षी शून्य, मग २०, २५, ३५, ४५ अशी पुन्हा पहिल्यापासून चढण. पाच वर्षांतला फरक अनुक्रमे ४,५००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० रुपये. बेरीज १२,०००. गाडीची किंमत घटत जाते तसा हप्ताही थोडा उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा जरा कमी येईल. तरीही आठ-नऊ हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी क्लेम करणं म्हणजे मित्राचे आज वाचवून तुमचे पाच वर्षं घालवणं.

म्हणून काम छोटं असेल तर मित्राने गॅरेजचं बिल थेट भरावं. काम मोठं असेल तर क्लेम करावा, आणि सक्तीचा वाटा, घसारा व निदान पहिल्या वर्षाचा गेलेला बोनस मित्राने द्यावा. तुमच्याकडे बोनस सुरक्षित ठेवणारं जादा कव्हर असेल तर तो तिसरा भाग येत नाही. गॅरेज कुठलं, हे मात्र मालक ठरवेल. "माझ्या ओळखीचा आहे, निम्म्यात करून देतो" असं म्हणणाऱ्या मित्राला प्रेमाने थांबवा. रंगाची छटा चुकली तर ती रोज तुम्हाला दिसणार आहे.

जुनाच ओरखडा होता की नवा, यावरून वाद झाला तर?

देताना गाडीभोवती फिरून एक व्हिडिओ काढा आणि मित्राच्याच व्हॉट्सॲपवर पाठवा. "हा मागचा ओरखडा आधीचा आहे बरं का, तू टेन्शन घेऊ नको" असं त्यात बोला. मग तो व्हिडिओ त्याच्यावरचा संशय राहत नाही, त्याचंच संरक्षण होतो.

वाटेत बॅटरी गेली, क्लच प्लेट गेली. हेही त्यानेच भरायचं?

नाही. चार वर्षांची बॅटरी साताऱ्यात बंद पडली, ती तुमच्याही दारात पडली असती. वस्तू जुनी, झीज तुमची, पैसे तुमचे. मित्राने तिथे भरले असतील तर बिलाचा फोटो येताच परत पाठवा. त्याला वाट पाहायला लावू नका, कारण तो मागणार नाही. क्लचचंही तसंच. पन्नास हजार किलोमीटर चाललेला क्लच दोन दिवसांत कुणी संपवत नाही.

पंक्चर त्याचं. खड्ड्यात आदळून टायरची बाजू फाटली तर वाटून घ्या. टायर अर्धा झिजलेला होता तर नव्या टायरचे निम्मे त्याचे, निम्मे तुमचे.

कोकणात गेलेल्या गाडीचं एक वेगळं सांगतो. कर्दे, नागाव, काशीद अशा किनाऱ्यांवर वाळूत गाडी उतरवायचा मोह लोकांना होतो. गाडी रुतते, भरती येते, मग ट्रॅक्टर शोधायचा आणि तो मागेल ते द्यायचे. खारं पाणी लागलं की खालचा पत्रा आणि वायरिंग पुढे कित्येक महिने त्रास देतं. हा खर्च पूर्णपणे नेणाऱ्याचा. देतानाच सांगा, "किनाऱ्यावर गाडी नाही न्यायची."

चलान महिन्याने आलं. आता कसं सांगू?

ई-चलान मालकाच्या मोबाइलवर येतं, आणि काही वेळा चांगलंच उशिरा. द्रुतगती मार्गावर कॅमेरे आहेत. मोटारीला सपाटीला ताशी १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे, आणि घाटात उतारावर साठच्या आत राहणं भल्याभल्यांना जमत नाही. चलानावर तारीख, वेळ, ठिकाण आणि बहुधा फोटोही असतो. तो स्क्रीनशॉट काही न लिहिता पाठवू नका, तो टोमण्यासारखा वाचला जातो. "अरे, त्या दिवसाचं हे आत्ता आलंय, भरून टाकशील का?" एवढं लिहा. चलान क्रमांकावरून तो थेट ऑनलाइन भरू शकतो, तुमच्याकडे पैसे द्यायचीही गरज नाही.

लायसन्स नसलेल्याच्या हातात गाडी दिली तर मात्र दंड फक्त चालवणाऱ्याला नसतो. कायद्याने तो मालकालाही आहे, पाच हजारांचा, आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी गेली तर २५,००० दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर्षभर नोंदणी रद्द. म्हणून "गाडी तूच चालवायची, चुलतभावाला द्यायची नाही" हे सांगण्यात संकोच नको. दारू पिऊन चालवली तर विमा कंपनी हात वर करते, मग डेंट असो वा अख्खी गाडी.

माझ्या पॉलिसीत मित्राला अपघात विमा मिळतो का?

मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो फक्त मालकाचा. मित्राला तो लागू होत नाही. गाडीतल्या प्रवाशांसाठीचं जादा कव्हर थोड्या हप्त्यात मिळतं. गाडी वारंवार दुसऱ्यांच्या हातात जात असेल तर ते घ्याच.

घरात आजारपण आहे म्हणून त्याने गाडी नेली. तेव्हाही हिशोब?

नाही. आईला रात्री दोनला दवाखान्यात नेलं, त्याचं तेल मोजायचं नसतं. उलट टाकी भरून द्या, फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना ते बघा, आणि जमलं तर स्वतः चालवायला जा. नोकरी गेलेल्या, हात तंग असलेल्या मित्राचंही तेच. फक्त पैसे घ्यायचे नसतील तर तसं आधीच सांगा. "राहू दे रे, नंतर बघू" म्हटलं की तो कर्जात असल्यासारखा वागतो. "या वेळचं माझ्याकडून, विषय संपला" म्हटलं की खरंच संपतो.

आणि मदत घेणाऱ्याने, परिस्थिती सावरल्यावर, एकदा टाकी फुल करून द्यावी. त्यावर "कशाला?" असं म्हणणाऱ्याशी हुज्जत घालू नये, भरून मोकळं व्हावं.

तो दर महिन्याला मागायला लागलाय. काय करू?

वर्षातून दोनदा नेणाऱ्याला लावलेले नियम इथे पुरत नाहीत. महिन्याला ५०० किलोमीटर म्हणजे वर्षाला ६,०००. अर्ध्याहून जास्त सर्व्हिसिंग आणि टायरचा सातवा-आठवा भाग त्याने वापरला. अशा वेळी तेल-टोलाशिवाय सर्व्हिसिंगच्या बिलात वाटा मागणं रास्त आहे. तेही जमत नसेल तर त्याला सेल्फ-ड्राइव्हची भाड्याची गाडी सुचवा. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असतात ती. तिचा विमा आणि परवाना त्याच कामासाठी असतो.

मला गाडी द्यायचीच नाही. कारण काय सांगू?

खोटं कारण सांगू नका. "सर्व्हिसिंगला दिलीय" म्हणायचं आणि संध्याकाळी तो तुम्हाला चौकात गाडीत बघणार. "गाडी मी कुणालाच देत नाही रे, पण तुला सोडायला येतो" किंवा "भाड्याच्या गाडीचे निम्मे माझे" असं म्हणा. गाडी वडिलांच्या किंवा बायकोच्या नावावर असेल तर परस्पर हो म्हणायचा हक्क तसाही तुमचा नाही. क्लेमच्या कागदांवर सही त्यांची लागते, चलान त्यांच्या फोनवर येतं.

तो विसरलाय. पंधरा दिवस झाले. आता मागू का?

मागा, आणि आकडा देऊन मागा. "तेवढं जरा बघ" या मेसेजने त्याला पुन्हा विचारावं लागतं, "किती झाले?" मग तुम्ही म्हणता, "दे रे किती पण," आणि गाडं तिथेच अडतं. असं लिहा:

"कोल्हापूरचा हिशोब: तेल १,२५० राहिलं, टोल मेसेजप्रमाणे वर पाठवलाय. जीपे कर सवडीने."

आणि तुम्ही नेणारे असाल तर हा मेसेज यायची वेळच येऊ देऊ नका. किल्ली परत देण्याआधी, गाडी दारात उभी करून, तिथल्या तिथे पाठवून टाका.